भुयारी स्थानकातील उजेड

(पनवेल येथे भरलेल्या आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान. वक्ते व्यवसायाने विद्युत्-अभियंता असून आता सेवानिवृत्त आहेत. स्मरणिकेसाठी व्याख्यानाचा मजकूर त्यांनी स्वतःच लिहून दिला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. – संपादक)



 या व्यासपीठावरून आजवर इतिहास, साहित्य, शिक्षण, आरोग्य अशा थोर विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली आहेत. माझा विषय त्या मानाने लहान आणि प्रथमदर्शनी कोरडाही वाटेल असा आहे. जमिनीखालच्या रेल्वेस्थानकात दिवे कोठे लावावेत, कसे लावावेत आणि कोणासाठी लावावेत, एवढाच तो विषय. 'दिवे लावणे' या शब्दांना आपल्या भाषेत दुसराही एक अर्थ आहे, हे मी जाणतो. त्या दुसऱ्या अर्थाने मी जे दिवे लावले, त्यांचीही कबुली आज आपल्यापुढे देणार आहे.

पनवेलकरांना हा विषय कशाला, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल. आपल्या पनवेल स्थानकावर मोकळे आकाश आहे. बेलापूरहून पेंधरपर्यंत १७ नोव्हेंबर २०२३ पासून जी मेट्रो धावू लागली, तीही खांबांवरून जाते. हे सर्व खरे. परंतु मुंबईत कुलाबा, वांद्रे आणि सीप्झ यांना जोडणारी भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू होऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. साडेतेहेतीस किलोमीटरच्या त्या मार्गावर २७ स्थानके असून त्यांतील २६ जमिनीखाली आहेत. आपला नोकरदार तरुण पनवेलहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो आणि तेथून पुढे त्याची वाट पाताळातून जाते. आपली लेक पुण्यात दिली असेल, तर शिवाजीनगर, मंडई, स्वारगेट येथील भुयारी स्थानके तिच्या नित्याच्या जाण्यायेण्यात आली आहेत. तात्पर्य, आपण सर्वच आता भुयारात उतरणारी माणसे झालो आहोत. तेथे आपली म्हातारी माणसे, आपली लेकरे सुखरूप उतरतात की नाही, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

या विद्येचा पहिला धडा मला कोणत्याही महाविद्यालयात मिळाला नाही. तो जुन्या पनवेलातील आमच्या वाड्यात मिळाला. वाड्याचे माजघर दिवसासुद्धा अंधारे असे. माडीवर जाणारा लाकडी जिना उभा चढाचा, आणि आधाराला कठड्याऐवजी वरून सोडलेला एक दोर. त्या जिन्याच्या बाजूच्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक कोनाडा होता. तिन्हीसांजेला आजी त्यात चिमणी ठेवी. लहानपणी मला प्रश्न पडे की, दिवा इतका खाली कशाला? वर टांगला तर साऱ्या घराला उजेड होईल. पुढे कित्येक वर्षांनी मला उमगले की, कोनाड्यातील त्या दिव्याची ज्योत चढणाऱ्याच्या डोळ्यांत जात नसे. तिचा उजेड मात्र आडवा पसरून प्रत्येक पायरीची कड उठावदार करी. दुसरी गोष्ट अशी की, आजी हातात दिवा घेऊन अंगणात निघाली म्हणजे तळहात ज्योतीसमोर धरी. पण तो ज्योत आणि वाट यांच्यामध्ये नव्हे, तर ज्योत आणि स्वतःचे डोळे यांच्यामध्ये. उजेड वाटेवर पडला पाहिजे, डोळ्यांवर नव्हे! आज आमच्या शास्त्रात चकाकीच्या नियंत्रणावर मोठमोठी प्रकरणे लिहिलेली असतात. त्यांचे सार आजीच्या त्या तळहातात होते.

आता भुयारात शिरू या. जमिनीवरील माणसाला आकाश फुकट मिळते आणि म्हणूनच त्याची किंमत त्याला कळत नाही. आकाशामुळे वेळ कळते, दिशा कळते, पाऊस की ऊन हे कळते. एका पायरीखाली दुसरी पायरी आहे, हेही वरून येणारा उजेड आणि खाली पडणारी सावली यांवरून कळते. भुयारात हे सारे नाहीसे होते. तेथे माणसाच्या मनात तीन प्रश्न उभे राहतात, मग ते त्याने स्पष्ट शब्दांत विचारलेले असोत वा नसोत. मी कोठे आहे? पुढचे पाऊल कोठे टाकू? आणि बाहेर पडायची वाट कोणती? भुयारी स्थानकातील प्रकाशयोजना म्हणजे या तीन प्रश्नांना दिव्यांनी दिलेले उत्तर होय. शोभा ही त्यानंतरची गोष्ट.

पृथ्वीच्या पोटात उजेड नेण्याची कला आपल्या मुलखाला नवी नाही. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे घाट चढून कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जातात. देवीच्या देवळाला लागूनच सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले चैत्यगृह आहे. पुढच्या खेपेस तेथे पाच मिनिटे स्वस्थ उभे राहावे. खाली प्रवेशाची दारे आणि त्यांच्या वर घोड्याच्या नालाच्या आकाराचे भव्य गवाक्ष. आत शिरणाऱ्याच्या पाठीमागून आणि डोक्यावरून येणारा उजेड त्या गवाक्षातून थेट स्तूपावर पडतो. दोन्ही बाजूंच्या खांबांमागील वाटा मंद अंधारात राहतात आणि पाहणाऱ्याची दृष्टी आपोआप जेथे जावयाची तेथे जाते. कोठेही डोळे दिपत नाहीत, कोठेही पाऊल चाचपडत नाही. आपल्या जवळच्या घारापुरीच्या मुख्य लेण्यातही तीन बाजूंनी उजेड आत घेतलेला आहे, म्हणूनच त्रिमूर्तीच्या मुखांवरील भाव दिवसाच्या प्रहराप्रमाणे पालटत गेल्यासारखे वाटतात. त्या शिल्पकारांजवळ विजेचा दिवा नव्हता, परंतु उजेड कोठून यावा आणि कशावर पडावा, हे त्यांनी दगडाला पहिली छिन्नी लावण्यापूर्वीच ठरविले असले पाहिजे. डोंगर कोरून झाल्यावर खिडकीची आठवण होऊन भागत नाही. आधुनिक स्थानकांच्या बाबतीत मात्र ही आठवण पुष्कळदा उशिराच होते. इमारत पूर्ण होते आणि मग दिवे कोठे लावायचे हे विचारले जाते.

जगातील पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये सुरू झाली. गाडीला वाफेचे इंजिन आणि डब्यांत गॅसचे दिवे. बेकर स्ट्रीट येथील फलाट पृष्ठभागापासून फारसे खोल नव्हते, म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंतींत तिरपे झरोके ठेवून त्यांना आतून पांढऱ्या चकचकीत फरशा बसविल्या होत्या. हेतू हा की, रस्त्यावरचा उजेड घसरत घसरत फलाटापर्यंत यावा. पुढे १८९० मध्ये त्याच शहरात खोल बोगद्यातून विजेची गाडी धावू लागली. तिच्या डब्यांना खिडक्या म्हणजे वर नुसत्या चिंचोळ्या फटीच ठेवल्या. भुयारात पाहण्यासारखे असते काय, असा त्यामागील विचार. लोकांनी त्या डब्यांना वेड्यांच्या इस्पितळातील गादी लावलेल्या कोठडीची उपमा दिली! माणसाला पाहण्यासारखे काही नसले, तरी आपण कोठे आहोत हे कळण्यासाठी बाहेर पाहावेच लागते, हा धडा त्या डब्यांनी शिकविला.

यानंतर दोन विचारप्रवाह निर्माण झाले. एक असा की, भुयारात कृत्रिम आकाश निर्माण करावे. मॉस्को येथील मायकोव्स्काया हे १९३८ साली उघडलेले स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे. त्याच्या छतात लंबवर्तुळाकार घुमट्या असून प्रत्येक घुमटीत आकाशाचे देखावे रंगीत तुकड्यांनी जडविलेले आहेत आणि त्यांच्याभोवती दिव्यांचे कडे आहे. प्रवासी मान वर करतो, तेव्हा आपल्या डोक्यावर एवढी माती आहे याचा त्याला क्षणभर विसर पडतो. वॉशिंग्टन येथे १९७६ साली सुरू झालेल्या भुयारी रेल्वेत दिवे खाली दडवून त्यांचा उजेड भव्य कमानदार छतावर टाकला आणि तेथून तो परावर्तित होऊन खाली येईल अशी योजना केली. कमानी अतिशय देखण्या दिसल्या. परंतु फलाटावर अंधुकपणा राहतो अशी तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली आणि अखेरीस दिवे वाढवावे लागले. छत उजळले, पण माणूस अंधारात राहिला, तर ती योजना अपुरीच म्हटली पाहिजे.

दुसरा प्रवाह म्हणजे खरे आकाशच खाली आणणे. याचे उत्तम उदाहरण आपल्याला पुण्यात पाहावयास मिळते. जिल्हा न्यायालय येथील भुयारी स्थानक सुमारे ३३ मीटर खोल, म्हणजे दहा मजली इमारत उलटी करून जमिनीत रोवावी एवढे. तरीही त्याच्या छताची रचना अशी केली आहे की, सूर्याचा प्रकाश थेट फलाटापर्यंत पोहोचतो. पहिल्या भेटीत मी तेथे बराच वेळ नुसता उभा होतो. दहा मजले खाली उन्हाचा एक कवडसा फरशीवर पडलेला पाहून मला आमच्या माजघराच्या कौलातील काचेची आठवण झाली. तीच युक्ती, केवळ प्रमाण निराळे! परंतु अशी जागा सर्वत्र मिळत नाही. मुंबईत गिरगाव आणि काळबादेवी येथील स्थानके अरुंद रस्त्यांच्या आणि जुन्या इमारतींच्या खाली, वरून संपूर्ण खड्डा न खोदता, आतल्या आत खडक फोडून बांधावी लागली. तेथे वर उघडायला आकाशच शिल्लक नसते. अशा ठिकाणी सारा भार दिव्यांवरच येतो.

आता थोडे आकड्यांकडे वळू. उजेड मोजण्याच्या मापाला लक्स म्हणतात. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावर जेवढा उजेड पाडते, तो साधारण एक लक्स. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड सुमारे पाव लक्स भरतो आणि वैशाखातील भर दुपारच्या उन्हाचा एक लाख लक्स! भुयारी स्थानकाच्या फलाटावर सामान्यतः दीडशे ते अडीचशे लक्सच्या दरम्यान उजेड ठेवतात. म्हणजे उन्हातून खाली उतरणारा प्रवासी एक-दोन मिनिटांत एक लाखावरून दोनशेवर येतो. डोळा हा मोठा कुशल सेवक आहे, तो या दोन्ही टोकांना काम करतो. पण त्याला सवड द्यावी लागते. उजेडातून गडद अंधारात गेल्यावर त्याला पूर्णपणे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. द्रुतगती मार्गाने पुण्याला जाताना भाताणच्या बोगद्यात मोटार शिरते, त्या क्षणी दृष्टीपुढे काळोखी आल्यासारखे होते, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. म्हणून जाणता योजनाकार स्थानकाच्या प्रवेशद्वाराशी, जिन्याच्या वरच्या भागात, दिवसा अधिक उजेड ठेवतो आणि तो पायरीपायरीने उतरवीत नेतो. रात्री मात्र हेच उलट करावे लागते. काळोखातून येणाऱ्याला दाराशी एकदम लखलखाट दिसला, तर तोही गोंधळतो. एकच दिवा दिवसा अपुरा आणि रात्री अति ठरतो, हे ध्यानात न आल्यामुळे कित्येक चांगल्या इमारती बिघडलेल्या आहेत.

यात वयाचाही हिशेब आहे. साठीच्या माणसाची बाहुली आकुंचित झालेली असते आणि डोळ्यातील भिंग पिवळसर झालेले असते. विशीच्या तरुणाच्या दृष्टिपटलावर जेवढा उजेड पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड साठीच्या माणसाला मिळतो. शिवाय दिव्याची चकाकी त्याला तरुणापेक्षा अधिक त्रास देते. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला उजेड जास्त हवा आणि झगमगाट कमी हवा. या दोन मागण्या वरवर परस्परविरोधी दिसतात. त्यांचा मेळ घालणे हीच आमची कसोटी, आणि त्या कसोटीत मी एकदा नापास झालो.

ती हकीकत आता सांगतो. एका भुयारी स्थानकाच्या प्रकाशयोजनेची तपासणी माझ्याकडे होती. स्थानकाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. जिन्यांना काळा, आरशासारखा घोटलेला ग्रॅनाइट बसविला होता आणि छतात दिव्यांच्या लांबच लांब पट्ट्या होत्या. मी लक्समापक घेऊन पायरी न् पायरी मोजली. आकडे नियमाप्रमाणे, किंबहुना थोडे अधिकच भरले. मी समाधानाने सही केली. त्यानंतर काही महिन्यांनी माझी आई, वय वर्षे ८१, त्याच जिन्यावरून उतरताना शेवटच्या पायरीवर पडली आणि तिचे मनगट मोडले. इस्पितळात ती मला म्हणाली, "अरे, दिवे भरपूर होते रे. पायरी कुठे संपली तेच दिसलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्याच वेळी तेथे गेलो आणि आईच्या उंचीवर डोळे येतील असा वाकून जिना उतरू लागलो. तेव्हा मला ते दिसले. छतातील प्रत्येक दिव्याचे प्रतिबिंब त्या घोटलेल्या दगडात उमटून पांढऱ्या रेघा पडल्या होत्या. खरी कड कोणती आणि प्रतिबिंबाची रेघ कोणती, हे ओळखणे माझ्यासारख्या जाणकारालाही जड जात होते. पायरीवर किती उजेड पडतो हे माझे यंत्र मोजत होते. पायरीवरून डोळ्याकडे काय परत येते, हे ते मोजत नव्हते. कागद बरोबर होता आणि आई पडली होती! मी संबंधितांना सविस्तर पत्र लिहिले, माझी सही चुकली हेही त्यात नमूद केले. पुढे त्या पायऱ्यांच्या कडांना खरखरीत पिवळी पट्टी बसली आणि दिव्यांची रचना बदलली. आईचे मनगट जुळले. परंतु ती पुन्हा एकटी भुयारात उतरली नाही. "तू बरोबर असशील तर येईन," एवढेच म्हणे.

त्या दिवसापासून कोणतीही योजना तपासताना मी आकडे पाहण्यापूर्वी चार प्रश्न विचारीत आलो. पहिला, पायरीची कड दिसते काय? त्यासाठी फरशी अचकाक हवी आणि कडेचा रंग निराळा हवा. दगड निवडणारा आणि दिवा निवडणारा यांनी एकत्र बसले पाहिजे. दुसरा, समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसतो काय? नुसता डोक्यावरून पडणारा उजेड चेहऱ्यावर डोळ्यांच्या खोबणींत काळोख पाडतो, आणि ज्याचा चेहरा दिसत नाही त्याची भीती वाटते. रात्री उशिरा घरी परतणाऱ्या आपल्या मुलींना हे मी सांगण्याची आवश्यकता नाही. भिंती फिकट रंगाच्या ठेवून त्यांवर उजेड टाकला, तर तो परतून चेहऱ्यांवर येतो आणि जागाही मोठी वाटते. तिसरा, दिव्याखाली अंधार तर नाही ना? आपली ही म्हण आमच्या शास्त्रात अक्षरशः खरी आहे. सरासरी उजेड भरपूर असूनही दोन दिव्यांच्या मध्ये काळोखाचे डबके साचू शकते. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत कमी उजेडाची जागाही पाहावी लागते. आणि चौथा, दहा वर्षांनी काय?

या चौथ्या प्रश्नाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. उद्घाटनाच्या दिवशी सर्वच दिवे सुंदर दिसतात. हल्लीचे एलईडी दिवे एकाएकी जात नाहीत, ते हळूहळू मंदावतात. मूळ उजेडाच्या ७० टक्के उजेड उरेपर्यंत त्यांचे आयुष्य मोजण्याची प्रथा आहे. पन्नास हजार तासांचा दिवा रोज वीस तास जळला, तर ती मर्यादा सात वर्षांच्या आतच गाठतो. त्यात धूळ वेगळी. पुसायला सवड मिळते ती शेवटची गाडी गेल्यानंतर आणि पहिली गाडी सुटण्यापूर्वी, म्हणजे रात्रीचे मोजके तास. सरकत्या जिन्याच्या वर उंच टांगलेला सुरेख दिवा पुसण्यासाठी पराती बांधाव्या लागत असतील, तर तो पुसला जाणार नाही, हे आजच समजून चालावे. लंडनमध्ये साउथगेट स्थानकात १९३३ साली सरकत्या जिन्यांच्या मधल्या उतारावरच काशाचे दीपस्तंभ उभे केले आणि त्यांचा उजेड वर छताकडे सोडला. डोळ्यांना त्रास नाही, हाताला दिवा सापडतो, आणि नव्वद वर्षे उलटून गेली तरी ते स्तंभ तेथे उभे आहेत. सौंदर्य आणि उपयोग यांचे वैर नसते, याचे हे उत्तम प्रमाण होय.

आता ज्या विषयावर बोलणे सुखाचे नाही, त्याकडे वळतो. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागून ३१ माणसे दगावली. १८ फेब्रुवारी २००३ रोजी दक्षिण कोरियातील देगू शहराच्या भुयारी रेल्वेत लावलेल्या आगीत १९२ जणांचा बळी गेला. अशा वेळी धूर प्रथम छताकडे जातो आणि छतातील दिवे झाकले जातात. जेथे सर्वांत अधिक उजेड होता, तेथेच सर्वांत आधी काळोख होतो. म्हणून दिव्यांचे गट पाडून ते निरनिराळ्या पुरवठ्यांवर ठेवावे लागतात, म्हणजे एक गेला तरी दुसरा गट जळत राहतो. दोन्ही गेल्यास बॅटरीवर चालणारे दिवे क्षणार्धात लागले पाहिजेत. याशिवाय जमिनीलगत, पायांच्या उंचीवर, अंधारात आपोआप चमकणारे पट्टे बाहेरच्या वाटेकडे नेणारे हवेत. कारण धुरात माणूस वाकून, प्रसंगी रांगत जातो. पुन्हा आजीचा तो गुडघ्याच्या उंचीवरचा कोनाडाच!

एवढे सर्व ऐकून आपण म्हणाल की, हे व्याख्यान रेल्वेच्या अधिकाऱ्यांसमोर द्यावयास हवे होते. तथापि आपल्यासमोर ते देण्यास कारण आहे. आपल्या ज्ञातिसंस्थेच्या सभागृहाच्या विस्ताराचे नकाशे बाहेर प्रवेशद्वाराशी लावलेले आहेत. भोजनगृह तळघरात नेण्याची त्यात योजना आहे. म्हणजे, बंधुभगिनींनो, पनवेलात आपण स्वतःच एक भुयारी स्थानक बांधीत आहोत. गाडी तेवढी येणार नाही, पंगत येईल! लग्नकार्यात तीनचारशे माणसे त्या एका जिन्याने चढउतार करतील. त्यांत शालू सावरीत जाणाऱ्या गृहिणी असतील, पायांत घोटाळणारी मुले असतील आणि माझ्या आईच्या वयाची माणसे असतील. अंदाजपत्रकात मी दर्शनी भागासाठी रंगीत झोताचे दिवे आणि मुख्य दालनासाठी मोठे झुंबर पाहिले. जिन्यासाठी 'आवश्यकतेनुसार दिवे' एवढाच उल्लेख आहे. कार्यकारी मंडळाने हौसेने आणि निःस्वार्थ बुद्धीने ही योजना आखली आहे, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. समारंभाच्या जागी झगमगाट असावा ही इच्छाही स्वाभाविक आहे. माझे मागणे एवढेच की, झुंबराची खरेदी होण्यापूर्वी जिन्याचा विचार व्हावा.

माझ्या सूचना थोड्या आणि स्वस्त आहेत. पायऱ्यांना घोटलेला दगड नको, खरखरीत फरशी असावी आणि कडेला निराळ्या रंगाची पट्टी असावी. जिन्याच्या भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर आत बसविलेले दिवे असावेत. तळघराच्या एका बाजूस रस्त्यालगत झरोका ठेवता येईल. तो आजच नकाशात घ्यावा, उद्या भिंत फोडणे होणार नाही. दिव्यांचे दोन निरनिराळे गट असावेत आणि बाहेरची वाट दाखविणारे बॅटरीचे दिवे दोन्ही दारांवर असावेत. त्यांची चाचणी दरमहा घेण्याचे काम युवक शाखेकडे सोपवावे. आणि काम पुरे झाल्यावर त्याची तपासणी अभियंत्याने करण्याआधी आपल्यातील सर्वांत वयोवृद्ध भगिनीला तो जिना संध्याकाळी उतरून पाहू द्यावा. तिने 'दिसते' म्हटले तरच सही करावी.

विद्यार्थिमित्रांसाठी दोन शब्द. प्रकाशयोजना हा आता स्वतंत्र अभ्यासाचा आणि उपजीविकेचा विषय झाला आहे. त्यात वीजशास्त्र आहे, वास्तुकला आहे, नेत्रविज्ञान आहे आणि थोडे नाट्यही आहे. आपल्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात प्रयोगाच्या वेळी दिव्यांच्या फळीशी बसणारा माणूस हा आमचा सख्खा भाऊच समजा. मुंबई आणि पुणे येथे भुयारी मार्गांची कामे अजून पुष्कळ व्हावयाची आहेत. ज्याला माणसाच्या पायांकडे आणि चेहऱ्याकडे पाहण्याची सवय आहे, अशा मुलामुलींची या क्षेत्राला गरज आहे. नुसता आकड्यांत हुशार असलेला माणूस काय दिवे लावतो, ते मी आपल्याला सांगितलेच आहे.

आई जाऊन आता चार वर्षे झाली. तिच्या स्मरणार्थ या इमारतीस काही द्यावे असे आम्हा भावंडांच्या मनात आहे. कार्यकारी मंडळाला माझी विनंती आहे की, ती रक्कम झुंबराकडे न वळविता तळघराच्या जिन्यावर खर्च करावी. तेथे नावाची पाटी नको. उतरणाऱ्या माणसाला शेवटची पायरी दिसली, म्हणजे ती पोहोचली.